खुंटाखालची ओल

आठवणी लिहिण्याचा अधिकार ज्यांनी काही करून दाखवलं त्यांचा, असं मला वाटत आलं आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर. आमच्या घरात सहीच्या पुढं गेलेला मी पहिला, एवढंच काय ते वेगळेपण, आणि त्याचंही श्रेय माझं नाही. त्यामुळं कागद पुढं ओढताना हात आखडतो. वाचणाऱ्यांनी हे धाडस पोटात घालावं. शाळेचं, वसतिगृहाचं, शिष्यवृत्तीच्या अर्जांचं लिहून झालं; ते सोपं गेलं, कारण तिथं माझ्यावर अन्याय झाला होता आणि अन्याय झालेल्या माणसाला लिहिताना जोर येतो. या प्रकरणात अन्याय करणारा मी आहे. म्हणून ते मी तीनदा पुढं ढकललं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी वसतिगृह सोडून बजाजनगरात थोरल्या भावाकडं राहायला गेलो. भाऊ वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर होता. एक खोली, तिला जोडून पत्र्याचा पडवीवजा तुकडा. खोलीत भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन लेकरं, पत्र्याखाली मी आणि माझी पुस्तकं. तेव्हाचं बजाजनगर म्हणजे विटांचे ढीग, अर्ध्यावर थांबलेल्या भिंती आणि रोज नव्यानं येऊन विचारणारी माणसं, "इथं खोली मिळंल का?" जालन्याकडची, बीडकडची, परभणीकडची. तिकडं पाऊस नव्हता आणि इकडं भोंगा होता. तीन पाळ्यांचे तीन भोंगे. वहिनी भाकरी टाकायची ती भोंग्यावर. भाऊ घरात आला की त्याच्या कपड्यांना लेथच्या तेलाचा पांढुरका वास असायचा, आणि तो वास मला आजही, खरं सांगतो, पोटभर जेवणाचा वास वाटतो. ज्वारीची भाकरी, येसराची म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याची आमटी, वर कांदा. आमटी पातळ होत चालली तशी वहिनी हसायची. "भावोजी, येसर मी तेवढाच टाकते बरं का. पाणीच हावरं झालंय."

वाळूजहून शहरात येणारी बस छावणीवरून जायची. वहिनीचा ट्रान्झिस्टर बंद पडला म्हणून एकदा तो घेऊन मी छावणीत उतरलो, आणि बाजाराच्या मागं एका कडुनिंबाखालच्या टपरीत मला रशीदचाचा भेटले. चाचा पलटणीच्या सिग्नल खात्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. रेडिओ दुरुस्त करायचे, पण त्यांचा जीव वेगळ्याच गोष्टीत होता. हौशी रेडिओवाल्यांचा परवाना त्यांच्याकडं होता, टपरीच्या भिंतीवर परदेशांतून आलेली पत्रं खिळ्याला लावलेली होती. मी पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी आहे म्हटल्यावर त्यांनी ट्रान्झिस्टर बाजूला ठेवला आणि मला नीट न्याहाळलं.

"फिजिक्स पढते? अच्छा मियाँ, ये बताव, रेडिओ सबसे पयले किसने बजाया?"

मी पुस्तकातली दोन नावं सांगितली.

"नै. बिजली ने बजाया. आदमी पैदा होने के पयले से बजा रई. सुनने का है?"

असं ते सुरू झालं. कुठंतरी वीज पडते, अगदी समुद्रापलीकडं, तेव्हा तिच्यातून फार कमी वारंवारतेच्या लहरी निघतात. रेडिओ केंद्रांच्या लहरींपेक्षा कितीतरी खाली, आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाच्याच पट्ट्यात. त्या जमीन आणि आकाश यांच्या पोकळीतून हजारो मैल जातात. त्या ऐकायला मोठं यंत्र लागत नाही. लांब तार, दोन लोखंडी खुंट जमिनीत दूर दूर ठोकलेले, मध्ये जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडायचा, पुढं लहानसा ॲम्प्लिफायर आणि कानाला हेडफोन. चाचांनी मला ते सगळं एका बिस्किटाच्या डब्यात बसवून दिलं. जमीन हीच एरियल. छावणीच्या मैदानाच्या कडेला त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा कानात फुटाणे भाजल्यासारखा तडतडाट झाला. चाचा म्हणाले, "ये जो बडा वाला गया ना, ये बंगाल के उधर का होएंगा." खरं की खोटं कोण जाणे. आमच्याकडं दोन वर्षं ढग फिरकले नव्हते, आणि मी कानात कुठल्यातरी लांबच्या पावसाच्या विजा ऐकत होतो. मी अगदी खुळा झालो. चाचांनी त्या दिवशी मला घरी नेऊन नान-खलिया खाऊ घातला. दुसऱ्याच्या घरात ताटावर बसून, पोट भरल्यावरही "और लेव" ऐकण्याचा तो माझा पहिला प्रसंग होता.

चाचांनीच शिट्टीबद्दल सांगितलं. विजेची एखादी लहर पृथ्वी सोडून वर जाते, चुंबकीय रेषांवरून वळसा घेऊन परत येते, आणि येताना तिचा आवाज ताणला जाऊन वरून खाली उतरणारी लांब शिट्टी होते. आपल्या भागात ती क्वचितच ऐकू येते. चाचांनी फौजेत असताना उत्तरेकडं एकदाच ऐकली होती, पहाटे. ती मला ऐकायची होती. पण शहरात ते शक्य नव्हतं. शहरात हेडफोन लावला की सगळ्यात आधी येणार विजेच्या तारांचा घूं असा आवाज. कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीला तो उतरायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढायचा. वर्षभरात तो एवढा वाढला की छावणीच्या मैदानावरचा तडतडाटही त्यात बुडाला. शहर वाढतंय असं वर्तमानपत्रात यायचं. मला ते कानात कळत होतं. चाचा म्हणाले, "जहाँ खंबा नै, वहाँ जाव."

खांब नसलेली एक जागा मला ठाऊक होती. आमची वस्ती.

वैजापूर तालुक्यातल्या एका गावापासून थोडी अलीकडं आमची पंचवीस-तीस घरं. गावात वीज होती, वस्तीत नव्हती. आई-वडील लवकर गेले, तेव्हा आम्हा दोघा भावांना पारूआत्यानं तिथंच वाढवलं. आत्या वडिलांची धाकटी बहीण. नवऱ्यामागं एक मुलगी कांता आणि आम्ही दोघे, असा तिचा संसार. मी लहान असताना ती मला स्वतःच्या ताटात घ्यायची, आणि शेवटचा घास माझ्यासाठी ठेवून "मला नाय जात रं आता" म्हणायची. तिला जात नाही हे मी कितीतरी वर्षं खरं मानलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एसटीनं वस्तीवर गेलो. खांद्यावर तारेचं भेंडोळं, पिशवीत चार खुंट, हातात बिस्किटाचा डबा. आत्यानं डबा पाहून आधी बिस्किटं समजून कांताला हाक मारली. कांता तेव्हा बारा वर्षांची. डबा उघडल्यावर तिचं तोंड उतरलं ते मला दिसलं, आणि मी हसलो. बिस्किटं आणायचं मला सुचलं नव्हतं.

त्या वर्षी वस्तीचं पाणी असं होतं : टँकर यायचा तो गावातल्या विहिरीत पाणी सोडायचा. गाव आधी भरायचं, मग वस्तीच्या बायांची रांग. तळाचा गढूळ घोट उरायचा तो यांचा. आत्या आणि कांता दिवस उगवायला निघायच्या आणि ऊन डोक्यावर आलं की एकेक हंडा घेऊन परतायच्या. यावर उपाय म्हणून वस्तीसाठी स्वतंत्र विहीर मंजूर झाली होती. ती आणण्यात सखारामतात्यांच्या चपला झिजल्या होत्या. तात्या वस्तीतले जाणते. चौथी शिकलेले, पण अर्ज लिहायचे ते मोत्यासारख्या अक्षरात. मंजुरी एकाच विहिरीची. कोरडी लागली तर दुसरी नाही. जागा ठरवून वस्तीनं लेखी द्यायची होती.

जागेवरून वाद चालला होता. गावातला एक माणूस हातावर नारळ ठेवून पाणी दाखवायचा. तो आपण होऊन येऊन गेला होता आणि नाल्याच्या वळणावर त्याचा नारळ उभा राहिला होता. आत्याही नाल्याचं वळणच सांगत होती, पण नारळासाठी नव्हे. "तिथं चैतातबी पायाला माती गार लागती," ती म्हणायची. तात्या ऐकत नव्हते. दीक्षा घेतल्यापासून वस्तीनं देव-देवस्की, अंगारे-धुपारे सोडलेले. भिंतीवर एकच फोटो. नारळानं दाखवलेल्या जागी विहीर खोदली तर गाव म्हणेल, शेवटी आमच्याच नारळाचं पाणी पिता. "आपुन नारळाचं पानी प्यायचं नाय," तात्या म्हणायचे. "इज्ञानानं पाहू." विज्ञान कुठून येणार हे कुणाला ठाऊक नव्हतं. आणि मी तारेचं भेंडोळं घेऊन एसटीतून उतरलो.

मी तार पसरायला लागलो तशी वस्ती जमली.

"काय करू ऱ्हायला रं सिद्ध्या?"

"आकाशातल्या विजेचा आवाज ऐकायचाय."

"अन् खुट्टा जमिनीत?" एक म्हातारी म्हणाली. "आभाळातलं ऐकाया जमिनीत खुट्टा ठोकतो! बगा माय, शिकून शिकून पोराचं उलटं झालं."

सगळे हसले. मीही हसलो, पण आत कुठंतरी लागलं. मी समजावून सांगायला गेलो. जमीन, वहन, लहरी. कुणाला काही कळलं नाही. फक्त तात्या लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हंजी जमीन वली आसंल तर आवाज जास्ती?" त्यांनी विचारलं.

"हो. ओल असली की आवाज वाढतो."

हे खरं होतं. आजही वर्गात विचारलं तर मी हेच उत्तर देईन. पण खुंटाला ओल लागते ती वीतभर, हातभर. चाळीस फूट खालच्या पाण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे पुढचं वाक्य मी बोललो नाही. तात्या "अच्छाऽ" म्हणाले आणि माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, तशा नजरेनं तोवर माझ्याकडं कुणी पाहिलेलं नव्हतं. ते वाक्य नंतर सांगू, असं मला वाटलं.

एक खुंट मी आत्याच्या मोरीच्या तोंडाशी ठोकला. तिथं खरकट्या पाण्याची जराशी ओल होती. दुसरा शंभर पावलांवर, झेंड्याच्या ओट्यामागं. हेडफोन लावला तर जवळजवळ काहीच नाही. घूं नव्हता, चाचांनी सांगितल्यासारखी शांतता होती, पण तडतडही इतकी बारीक की श्वास रोखून ऐकावी लागे. ओट्यामागची जमीन ठणठणीत कोरडी होती. खुंट धरत नव्हता. आणि मला चाचांचं बोलणं आठवलं. वाळवंटात फौजेच्या टेलिफोनचा खुंट असाच धरायचा नाही, तेव्हा सिग्नलवाले आपल्या वाट्याचं पाणी त्यावर ओतायचे, थोडं मीठ घालून.

दिवस कलला होता. आत्या सरपणाला गेली होती, कांता शेजारी खेळत होती. घराच्या कोपऱ्यात झाकलेला एक हंडा होता. दुपारी दोघींनी आणलेल्यांपैकी तो एकच उरला होता, रात्रीसाठी आणि सकाळपर्यंतसाठी. मी मिठाचा डबा उघडला, दोन मुठी हंड्यात टाकल्या, ढवळलं, ओट्यामागं नेला आणि खुंटाभोवती हळूहळू सगळा रिकामा केला. थोडा ओतून भागलं असतं. मला शिट्टी ऐकायची होती. जमिनीनं पाणी प्यायलं ते सुंईऽ असा आवाज करत. वर मी कोरडी माती ओढली, वाफ होऊन उडू नये म्हणून. हे सगळं मी पळत पळत केलं, म्हणजे ते चुकीचं आहे हे मला ठाऊक होतं. निष्पाप माणूस पळत नाही.

हेडफोन लावला. तडतडाट असा भरून आला की मी डोळे मिटले.

घरी आलो तेव्हा आत्या कोपऱ्यात उभी होती आणि रिकामा हंडा तिच्या हातात होता.

"हंडा कुनी सांडला?"

कांता दारातून आत येत होती. तिच्या परकराला कुठूनतरी ओलं लागलं होतं. आत्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि ती काही बोलायच्या आत तिच्या गालावर चापट बसली. आत्यानं कांताला मारलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "सकाळधरनं पाय मोडले माह्ये," आत्या म्हणत होती, आणि तिचाच आवाज रडका झाला होता. कांता एवढंच म्हणाली, "म्या नाय सांडला." मग भिंतीकडं तोंड करून बसली. मी माझ्या डब्याची तार गुंडाळत होतो. ती तार मी किती व्यवस्थित गुंडाळली ते मला आजही आठवतं, एकावर एक, एकही वेढा न सुटता.

शेजारणीनं अर्धा तांब्या पाणी दिलं. त्यावर आत्यानं माडगं केलं, हुलग्याचं, आणि माझ्या वाटीत दाट घातलं.

पहाटे उठून मी ऐकलं. शिट्टी आली नाही. आयुष्यात पुढंही कधी आली नाही.

दिवस उगवल्यावर तात्या आले, मागं सात-आठ माणसं. तात्यांनी धुतलेला सदरा घातला होता. "सिद्धार्थराव," ते म्हणाले. सिद्ध्याचा मी एका रात्रीत सिद्धार्थराव झालो होतो. "ते मशीन जरा आमच्यासाठी लावा. नाल्यापाशी पाहा, अन् हितं वट्यामागंबी पाहा. जिथं वाजंल तिथं आपली हीर."

मी म्हणालो, "तात्या, हे पाण्याचं यंत्र नाही."

"व्हय व्हय, आम्हाला ठावंय. ते आभाळाचं हाय. पर वलं कळतं ना त्याला? तुम्हीच म्हनले."

मी म्हणालो होतो. नाही म्हणायला अजून वेळ होती. पण सगळी वस्ती उभी होती, पाण्याला निघालेल्या बाया हंडे टेकवून थांबल्या होत्या, आणि मला वाटलं, नाल्यावर लावून दाखवू, काही ऐकू येणार नाही, मग सांगू की यानं कळत नाही. दुसरा खुंट ओट्यामागून उपटला आणि नाल्याच्या वळणावर नेला. वर सगळा मुरूम, कोरडा भुगा. तात्यांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. त्यांच्या पागोट्यावर तो बसेना म्हणून त्यांनी पागोटं काढून बगलेत धरलं. बराच वेळ ऐकलं. "नाय," ते म्हणाले. "हितं काईच नाय. मेलेलं हाय."

लोकांमध्ये समाधानाची कुजबुज झाली. नारळ हरला होता.

"आता वट्याजवळ."

मी खुंट हातात धरून ओट्याकडं चाललो ती शंभरएक पावलं मला अजून मोजता येतात. ओट्यामागं दुसऱ्या कुठल्याही जागी मी तो ठोकू शकलो असतो. पण कालच्या भोकाच्या कडेला माती उकरलेली दिसत होती आणि एका पोरानं बोट दाखवलं, "काल हितंच व्हता!" मी तिथंच ठोकला. तात्यांनी हेडफोन लावला आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की तो पाहून कुणीही हसलं असतं.

"वाजतंय! आयला, लई वाजतंय! फुटानं फुटू ऱ्हायले!"

एकामागून एक सगळ्यांनी ऐकलं. बायांनी ऐकलं. काल हसलेल्या म्हातारीनं ऐकलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मग कुणीतरी खुंटाजवळची माती कुदळीनं उकरली. वीतभर खाली ती काळी, ओली निघाली. भर वैशाखात, दोन वर्षांच्या दुष्काळात, ओट्यामागं ओल.

"सिद्धार्थराव," तात्यांनी ती माती मुठीत उचलून माझ्यापुढं धरली, "वल हाय ना ही?"

समोर कांता उभी होती. डाव्या गालावर अजून बोटं दिसत होती, किंवा मला तसं वाटलं. ही ओल माझी आहे असं सांगायचं तर हंडा माझा होता हे सांगावं लागणार होतं, आणि ती चापट माझी होती हेही. सगळ्या वस्तीसमोर. आत्या माझ्याकडं पाहत होती. मी म्हणालो, "हो. ओल आहे."

त्याच संध्याकाळी लेखी दिलं गेलं. खाली तात्यांनी मला सही करायला लावली, नावापुढं माझं वर्ग-वर्ष लिहून. मी केली. दुसऱ्या दिवशी वस्ती मला एसटीपर्यंत पोचवायला आली. तात्या जयभीम करताना माझ्यापुढं वाकले. माझ्या वडिलांच्या वयाचे होते ते.

विहिरीला वस्तीच राबली. आठवड्या-दोन आठवड्यांनी भावाकडं कुणी ना कुणी वस्तीवरून यायचं आणि बातमी सांगायचं. मुरूम संपला. मांजऱ्या खडक लागला. आता काळा पाषाण हाय, सुरुंग लावू ऱ्हायले. बाया पाट्या वाहू ऱ्हायल्या, पारूआत्याबी. सांगणारा दर वेळी पुढं म्हणायचा, "सिद्धार्थरावांनी दावलंय, लागंल." मी पत्र्याखाली पुस्तक उघडं धरून बसायचो. वहिनी एकदा म्हणाली, "भावोजी, तुमचं नाव लई घेतात हो तिकडं." भाऊ जेवता जेवता माझ्याकडं पाहून हसला, अभिमानानं. त्या काळात मी कितीदा पोस्टकार्ड लिहायला घेतलं असेन. "तात्यांस सविनय जयभीम" याच्या पुढं कधी गेलो नाही.

शेवटी मी चाचांना सांगितलं. टपरीत त्यांनी तापलेला सोल्डरिंगचा खिळा बाजूला ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं, ते रागावले नाहीत. घड्याळ पाहिलं.

"वैजापूर की गाडी कब है?"

"चाचा..."

"जाके बोल दे. अभी कितना खोदे? तीस फूट? तो तीस पे रुक जाएंगे. दूसरी जगा देख लेंगे. जा."

"परीक्षा आहे, चाचा."

त्यांनी खिळा पुन्हा हातात घेतला. पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा टपरीत पाऊल टाकताच त्यांनी विचारलं, "जाके बोला?" मी मान हलवली. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा, "बोला क्या?" मग मी बसनं छावणीवरून जाताना पलीकडच्या बाजूला बसू लागलो. हेडफोन त्यांचे माझ्याकडं राहिले होते, ते एकदा शेजारच्या दुकानात ठेवून आलो. चाचा केव्हा वारले हे मला ठाऊक नाही. बाजारामागं आता तीनमजली इमारत आहे.

विहीर कोरडी गेली. तळाला नुसता काळा दगड. मंजुरी संपली. पुढं बरीच वर्षं वस्तीला टँकरच्या रांगेतच उभं राहावं लागलं. मला कुणी काही म्हटलं नाही, हे मला तेव्हा नवल वाटलं आणि मग हळूहळू सोयीचं वाटू लागलं. विज्ञान चुकलं, यंत्र चुकलं, असं त्यांना वाटलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. वस्तीवर जाणं मी कमी केलं. आत्याच बजाजनगरला यायची, भावाच्या लेकरांसाठी बोरं घेऊन. हंड्याचा विषय तिनं कधी काढला नाही, विहिरीचाही नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "तुह्या बापाला दिसाया पाहिजे व्हतं." मला त्याही दिवशी सांगता आलं असतं.

आत्या गेल्या वर्षी गेली, खूप म्हातारी होऊन. मी पुण्यानुमोदनाला वस्तीवर गेलो. आता तिथं खांब आहेत, नळ आहे, सिमेंटचा रस्ता आहे. ओट्यामागचा खड्डा बुजवला आहे. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. कांता भांडी घासत होती. तिचेही केस आता पिकले आहेत. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "कांता, तुला एक सांगायचंय. तो हंडा मी ओतला होता."

तिनं हात थांबवला नाही. "मला ठावंय, दादा. आयलाबी ठाव व्हतं."

तिनं घासलेला तांब्या मी विसळायला घेतला.

"सकाळी तू ठोकलेल्या जागची माती चाखली तिनं. खारट लागली. माह्याजवळ आली, गाल चोळला, अन् म्हनली, कांते, त्याच्या मशीनला पानी पाजावं लागत आसंल, आपल्याला काय कळतं. तो शिकलेला हाय, त्यानं पाहूनच केलं आसंल. कुनाला बोलू नको." कांतानं ताट पालथं घातलं. "दगड लागला तवा तिला उमजलं. वस्तीत लई बोभाटा झाला. एकानं मातीत मीठ पाह्यलं व्हतं, त्यानं इषय काढला. लोक तुह्यावरच यायला लागले. तवा आय उठली मीटिंगीत. म्हनली, पानी म्या वतलं. माह्या भाच्याचं नाव व्हावं म्हनून म्या वतलं, लेकराला ठाव नव्हतं."

"आणि तात्या?"

"तात्या मरंस्तोवर तिच्याशी बोलले नाय. अन् वस्तीनं ठरवलं, टँकरला पारूचा नंबर सगळ्यात शेवटी. दोन उन्हाळं व्हती ती शेवटी. कवा मिळायचं, कवा नाय. मी म्हनलं, आय, दादाला सांगू दे, तो येऊन बोलंल. तर मला म्हनली, नको. त्याची परीक्षा हाय."